अंडपेशी आणि फलन : वर्गातून आणि बांधावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना मी जीवशास्त्र शिकवतो. मुलं पुस्तकातलं विचारतात. बाजाराच्या दिवशी त्यांचे आई-वडील भेटतात, ते मक्याचं, दोडक्याचं, मिरचीचं विचारतात. बरीच वर्षं उत्तरं देताना लक्षात आलं की दोन्हीकडचे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. ते ठिकाण म्हणजे फुलाच्या पोटात बसलेली अंडपेशी. म्हणून दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. पुस्तकी शब्द पहिल्या दोन उत्तरांत उलगडले आहेत. ती वाचून मग हवा तो प्रश्न घ्यावा.

फुलात अंडपेशी असते म्हणता, मग ती दिसत का नाही?

सकाळी उमललेलं भेंडीचं फूल घ्या. पाकळ्या ओढून काढा, मधली पुंकेसरांची नळीही सोलून टाका. तळाशी बारीक लव असलेली, बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी कोवळी भेंडी उरेल. तेच अंडाशय. ब्लेडने उभं चिरलं की आत पांढऱ्या मण्यांच्या ओळी दिसतात. इथे मुलं हमखास म्हणतात, "सर, हीच अंडी." ती अंडी नव्हेत, ती बीजांडं. प्रत्येक बीजांडाच्या आत भ्रूणकोश नावाची सूक्ष्म पिशवी असते आणि त्या पिशवीत अंडपेशी असते एकच. नुसत्या डोळ्यांना ती दिसणं शक्य नाही.

बहुतेक फुलझाडांत या पिशवीत सात पेशी आणि आठ केंद्रकं असतात. दाराशी अंडपेशी आणि तिच्या शेजारी दोन साहाय्यक पेशी. मधोमध मोठी मध्यपेशी, तिच्यात दोन केंद्रकं. मागच्या टोकाला तीन प्रतिध्रुवीय पेशी. अंडपेशीत गुणसूत्रं निम्मी असतात. मक्याच्या पानातल्या पेशीत 20, तर अंडपेशीत 10. भातात 24 ची 12 होतात, कांद्यात 16 ची 8. उरलेली निम्मी परागाकडून यायची असतात.

कोंबडीचं अंडं मात्र डोक्यातून काढून टाका. त्यात पिल्लाचा शिधा आधीच भरलेला असतो. फुलझाडाची अंडपेशी जवळजवळ रिकाम्या हाताने बसलेली असते, तिचा शिधा फलनानंतर तयार होतो. तो कसा, ते पांढऱ्या मक्याच्या प्रश्नात येईल.

परागीभवन आणि फलन एकच ना?

नाही. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथे जातात आणि शेतात सगळ्यात जास्त घोटाळाही इथेच होतो. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या टोकावर, पडला की परागीभवन झालं. कन्नड पुस्तकात याला परागस्पर्श म्हणतात, आणि तो शब्द मला फार आवडतो, कारण खरोखर तो नुसता स्पर्श असतो. पुढे परागकण रुजतो, त्यातून नळी फुटते, ती कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षीखालच्या दांडीतून, वाट काढत बीजांडापर्यंत जाते, आत पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, सोडते, आणि त्यातलं एक अंडपेशीशी एकरूप होतं. हे झालं फलन, हिंदीत निषेचन. स्पर्श झाला आणि फलन झालंच नाही, असं रोज लाखो फुलांत घडतं.

ही परागनलिका पहिल्यांदा पाहिली ती इटलीच्या जोव्हानी बात्तिस्ता अमिची यांनी, 1824 च्या सुमारास. कोणत्या झाडावर? आपण भाजी करतो त्या घोळीच्या फुलात. पावसाळ्यात परड्यात घोळ उगवली की मी मुलांना ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाही.

"मक्याचं कणीस मोठं झालंय, पण शेंड्याला दाणेच नाहीत की वो सर. खत कमी पडलं काय?"

खत कमी पडलं असू शकतं, पण आधी कणसाची दाढी बघा. दाढीचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याचा कुक्षी-कुक्षीवृंत. जितके दाणे तितके केस. प्रत्येक केसावर परागकण पडायला हवा, आणि त्याची नळी त्या केसातून खाली उतरत थेट दाण्याच्या जागेपर्यंत पोचायला हवी. केस वीतभर लांब असला तरी हा प्रवास साधारण एका दिवसात होतो. एका बारीक कणातून निघालेल्या नळीला हे कसं जमतं, याचं मला अजून दरवर्षी नवल वाटतं.

केस एकदम सगळे बाहेर येत नाहीत. कणसाच्या बुडाकडचे आधी येतात, शेंड्याकडचे सगळ्यात शेवटी. तोवर तुऱ्यातला पराग संपत आला, किंवा नेमकी त्याच आठवड्यात पावसाने ओढ दिली आणि केस उशिरा निघाले, की शेंडा रिकामा राहतो. उन्हाच्या तडाख्यात परागही पटकन मरतो. म्हणून तुरा आणि दाढी निघतात त्या दिवसांत पाण्याची पाळी चुकवू नये. नंतर कितीही पाणी दिलं तरी गेलेला दाणा परत येत नाही.

फलन झालं की नाही, हे पीक तयार होण्याआधीच बघता येतं. दाढी निघून काही दिवस झाले की एक कणीस तोडा, वरची पानं हळूच सोला आणि कणीस उलटं धरून झटका. फलन झालेल्या दाण्याचा केस आपोआप सुटून पडतो. जिथे फलन नाही तिथला केस चिकटून राहतो. शेताच्या चार कोपऱ्यांतली आठ-दहा कणसं झटकली की कुठे किती भरणार याचा अंदाज येतो. शेतकऱ्याने स्वतः करावी अशी याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

पांढऱ्या मक्याच्या कणसात मधेच पिवळे दाणे कसे आले?

शेजारच्या रानात पिवळा मका होता म्हणून. पण हे उत्तर अर्धंच झालं. खरा प्रश्न असा की कणीस तुमच्या झाडाचं, मग शेजारच्या परागाचा रंग याच वर्षी दाण्यात कसा उतरला?

परागनलिका दोन पुंयुग्मकं घेऊन येते. एक अंडपेशीशी मिळतं आणि अंकुर तयार होतो. दुसरं मध्यपेशीतल्या दोन केंद्रकांशी मिळतं आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे अंकुराचा शिधा. याला द्विफलन म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी 1898 मध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत ते दाखवलं, आणि फ्रान्सच्या गिन्यार यांनी 1899 मध्ये स्वतंत्रपणे तेच मांडलं. मक्याच्या दाण्याचा मोठा भाग हा भ्रूणपोषच असतो. त्यात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. पिवळ्या रंगाचा गुण प्रबळ असल्याने पांढऱ्या मक्याच्या मध्यपेशीला पिवळ्याचा पराग मिळाला की दाणा पिवळा होतो.

म्हणजे आपण भात खातो, शाळूची भाकरी खातो, तेव्हा मुख्यतः या दुसऱ्या फलनाचं फळ खात असतो. नारळाचं पाणी हाही भ्रूणपोषच, अजून पेशींच्या भिंती न पडलेला. खोबरं म्हणजे भिंती पडून घट्ट झालेला. अंकुर तीन डोळ्यांपैकी एकाखाली निजलेला असतो. अंडपेशीच्या शेजारणीचं, म्हणजे मध्यपेशीचं, हे दान नसतं, तर माणसाला धान्य म्हणून खायला काय उरलं असतं याचा विचार मुलांना मी नेहमी करायला लावतो.

"घरची संकेश्वरी मिरची. बी राखून लावलं, तर औंदा मिरची वेगळीच लागली. बी कुणी बदललं?"

कुणीही बदललं नाही. हा प्रश्न हुक्केरी, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातून येतो आणि त्यामागे खरी कळकळ असते, कारण घरचं वाण बिघडणं हे दुःख पैशात मोजता येत नाही.

मिरचीचं फूल स्वतःच्या परागाने फळतं, पण मधमाश्या आल्या की परपरागही बराच होतो. शेजारी दुसऱ्या जातीची मिरची असेल, तर काही बीजांडांत अंडपेशी तुमची आणि पुंयुग्मक तिचं, असं होतं. त्या वर्षी तुम्हाला काही कळत नाही, कारण मिरचीचं साल हे आईच्या अंडाशयाचं. ते आईसारखंच दिसणार, रंग तोच, तिखटपणा तोच. बदल बसलेला असतो बियांमधल्या अंकुरात. तो पुढच्या वर्षी झाड होऊन बाहेर पडतो. मक्यात परागाचा परिणाम त्याच वर्षी दिसतो, मिरचीत एक वर्ष उशिरा. दाणा खायचा की साल खायचं, इतकाच हा फरक आहे.

बियाण्यासाठीची झाडं पिकाच्या मधोमध निवडावीत, कडेची घेऊ नयेत. कळ्या उमलण्याआधी फांदीवर मलमलीची पिशवी बांधावी. आत धरलेल्या मिरचीला दोरा बांधून खूण करावी आणि बी फक्त तिचंच ठेवावं. पाच-सहा झाडांवर एवढं केलं तरी घरचं वाण टिकतं.

"भोपळ्याला फुलं लई, फळ एकबी धरंना. वांझ फुलं म्हणायची काय ही?"

वांझ म्हणू नका, ती नरफुलं आहेत. भोपळा, दोडका, कारलं, काकडी या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. आधी नरफुलांचा बहर येतो, मादी मागून. मादी फूल ओळखायला सोपं : पाकळ्यांच्या खाली चिमुकलं फळ असतंच. ते फळ म्हणजे अंडाशय, अजून फलन न झालेलं. पराग मिळाला नाही की दोन-तीन दिवसांत पिवळं पडून गळतं.

वेळ मात्र वेलागणिक वेगळी. तांबडा भोपळा पहाटे उमलतो आणि ऊन चढायच्या आत मिटतो. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात. घोसाळं दिसायला दोडक्याचा भाऊ, पण ते पहाटेचं. त्यामुळे "सकाळी फवारलं तर चालतंय न्हवं?" याला एकच उत्तर नाही. ज्या वेळी तुमच्या वेलाचं फूल उघडं असेल, त्या वेळी कीटकनाशक मारू नका. फूल उघडं असतानाच माश्या येतात, आणि मेलेली माशी पराग आणत नाही.

माश्याच कमी असतील तर हाताने करा. ताजं नरफूल तोडा, पाकळ्या मागे सारा, पराग लागलेला दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर सगळीकडे टेकवा. सगळीकडे म्हणजे तिन्ही भागांवर. अर्धवट पराग पडला तर काही बीजांडं फळतात, काही तशीच राहतात. वाढणारं बीच आजूबाजूच्या गराला वाढायची संप्रेरकं पुरवतं, म्हणून बी नसलेला भाग आक्रसतो. काकडी एका टोकाला बारीक, वाकडी आली की ती कापून बघा. बारीक बाजूला बी नसतं.

भुईमुगाचं फूल वर आणि शेंग जमिनीत, हे कसं?

पिवळं फूल पानाच्या बगलेत येतं. त्याचा लांब देठ वाटतो तो देठ नसून नळी असते, आणि अंडाशय अगदी खाली बगलेत लपलेलं असतं. फूल सकाळी उमलतं, बहुतेकदा स्वतःच्याच परागाने फळतं आणि त्याच दिवशी मान टाकतं. इथपर्यंत सगळं जमिनीवर घडतं. मग आठवडाभरात अंडाशयाच्या बुडाशी वाढ सुरू होते आणि फलन झालेली बीजांडं टोकाला घेऊन आऱ्या, म्हणजे टोकदार दांड्या, खाली सुटतात.

आरीच्या टोकातला अंकुर थोडीशी वाढ करून थांबलेला असतो. मातीत शिरून अंधार मिळाला की तो पुन्हा वाढायला लागतो, आणि आरी आडवी होऊन शेंग फुगते. जमिनीपर्यंत न पोचलेली आरी वाया जाते. आऱ्या सुटल्यावर भुईमुगात कोळपं घालू नये हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. भुसभुशीत माती आणि भर ही कशासाठी, तर या वाट बघणाऱ्या अंकुरासाठी.

भात निसवलं, ओंब्या आल्या, पण निम्मी पळंज निघाली. का?

भाताचं फूल सकाळी उशिरा, साधारण तास-दीड तासच उघडतं. परागकण काही मिनिटंच जिवंत राहतो. त्या वेळेत मुसळधार पाऊस आला किंवा तापमान 35 अंशांच्या वर गेलं, की फलन हुकतं. अंडपेशी तयार असते, पण तिच्यापर्यंत काही येत नाही. दाणा म्हणजे भ्रूणपोष, फलन नाही तर भ्रूणपोष नाही, मग टरफल रिकामंच राहणार. पेरणीची तारीख फुलोऱ्याकडून मागे मोजत ठरवावी, असं मी म्हणतो. खानापूरच्या पावसात याला फार महत्त्व आहे. पळंज होण्याला कीड-रोगाचीही कारणं असतात, ती वेगळी तपासावीत.

फलनाशिवाय फळ येतंच नाही का?

येतं. केळं हे घरातलं उदाहरण. आपल्या खायच्या केळ्याच्या बहुतेक जातींत गुणसूत्रांचे तीन संच असतात. त्यांची नीट विभागणी होत नाही, म्हणून चांगली अंडपेशी तयार होत नाही, आणि फळ फलनावाचूनच वाढतं. आतले काळे ठिपके म्हणजे न फळलेली बीजांडं. पावसाळ्यात घाटातल्या कातळांवर रानकेळ उगवते, तिचं फळ फोडून बघा. हरभऱ्याहून मोठ्या काळ्या बियांनी भरलेलं असतं.

अथणी भागातली बिनबियांची द्राक्षं दिसायला तशीच, पण त्यांची गोष्ट निराळी. थॉमसन जातीत फलन होतं. युग्मनज, म्हणजे फलन झालेली अंडपेशी, तयार होतो, अंकुर थोडा वाढतो आणि मग मरतो. बी कडक होण्याआधीच संपल्यामुळे जिभेला लागत नाही. केळ्यात फलनच नाही, द्राक्षात फलन होऊन गेलेलं. दोन्हींना "बिनबियांचं फळ" म्हटलं की हा भेद हरवतो.

तंबाखूचं मात्र उलटं आहे. निपाणीकडचे शेतकरी तंबाखूचे शेंडे खुडतात ते फुलच येऊ नये म्हणून. फूल आलं, फलन झालं, की झाडाची सगळी ताकद बियांकडे वळते आणि पान पातळ राहतं.

उंबराला फूल येतं का?

येतं, हजारोंनी. दुर्मिळ माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो, कारण ते बाहेर कधी दिसत नाही. कोवळं उंबर मधोमध चिरा, आतल्या भिंतीला चिकटलेली बारीक फुलं दिसतील. उंबराच्या टोकाच्या छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी पराग घेऊन आत शिरते. काही मादी फुलांत ती अंडी घालते, तिथे तिची पिल्लं वाढतात. बाकीच्यांना पराग मिळतो, तिथे फलन होऊन बी धरतं. पुढे नरफुलं पिकतात, त्याच सुमारास नव्या माश्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसरं उंबर शोधतात. पिकलेल्या उंबरात किडे निघतात म्हणून मुलं तोंड वाकडं करतात. त्या किड्यांवाचून उंबराचं एकही बी रुजलं नसतं.

फणसात काही ठिकाणी गरा आणि काही ठिकाणी नुसत्या पात्या, असं का?

फणस म्हणजे शेकडो मादी फुलांचा एकच गड्डा. ज्या फुलात फलन झालं तिथे गरा आणि आठळी, जिथे नाही तिथे पाती.

शेवाळालाही अंडपेशी असते?

आधी शब्दाचा गुंता सोडवू. मराठीत विहिरीतल्या हिरव्या तंतूंनाही शेवाळ म्हणतात आणि पावसाळ्यात भिंतीवर मऊ मखमलीसारखं उगवतं त्यालाही शेवाळच. पहिलं शैवाल, दुसरी हरिता. या दोन वेगळ्या वनस्पती.

शैवालांत नर-मादी भेदाच्या सगळ्या पायऱ्या सापडतात. क्लॅमिडोमोनाससारख्या एकपेशीय शैवालाच्या बऱ्याच जातींत दोन्ही युग्मकं सारखीच दिसतात, नर कोण मादी कोण सांगता येत नाही. हातात धरल्यावर बुळबुळीत लागणारे स्पायरोगायराचे तंतू शेजारी शेजारी येतात, दोघांत नळी जुळते आणि एका पेशीतला ऐवज दुसरीत जातो. जी घेते तिला मादी म्हणायचं, एवढंच. व्हॉल्व्हॉक्समध्ये मात्र मोठी, न हलणारी अंडपेशी आणि छोटी पोहणारी पुंयुग्मकं असा स्पष्ट भेद आहे. पुंयुग्मक अंडपेशीत शिरताना प्रत्यक्ष पाहिलं गेलं तेही शैवालातच. जर्मनीचे नाथानाएल प्रिंग्सहाइम यांनी 1850 च्या दशकात ते टिपलं.

मुलांना दाखवायला मला सगळ्यात आवडतं ते कारा नावाचं शैवाल. स्वच्छ, संथ पाण्यात, तळ्यात किंवा भाताच्या खाचरात मिळतं, हातात घेतलं की खरखरीत लागतं. साध्या भिंगातून फांदीवर नारिंगी गोळा दिसतो, तो नर. शेजारी लांबट अंडधानी, भोवती पाच पेशी स्क्रूच्या आट्यांसारख्या गुंडाळलेल्या आणि डोक्यावर छोटा मुकुट. आत एक अंडपेशी. पाच रुपयांच्या पेनाला नक्षी असते तितकीही जागा नाही, आणि एवढी घडण.

कारवारच्या किनाऱ्यावरच्या समुद्री शैवालांचं काय?

तांबड्या शैवालांत पुंयुग्मकाला पोहायला शेपूटच नसतं. मादी अवयवाला लांब केस असतो, लाटेबरोबर वाहत आलेलं पुंयुग्मक त्याला चिकटतं. मक्याच्या दाढीची आठवण यावी असंच हे. 2022 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की ग्रॅसिलारिया या तांबड्या शैवालात इडोटिया नावाचे छोटे कवचधारी प्राणी अंगाला चिकटलेली पुंयुग्मकं एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. समुद्रातली मधमाशीच म्हणायची.

नेचे आणि हरिता पावसाळ्यातच का माजतात?

त्यांना ओल लागतेच, आणि फलनालाही पाणी लागतं. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला नेच्याची जी मोठी पानं दिसतात, ती अंडपेशी बनवत नाहीत, ती बीजाणू सोडतात. बीजाणूतून नखाएवढं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं हिरवं पान तयार होतं, ओल्या मातीला चिकटलेलं. त्याच्या पोटाशी सुरईच्या आकाराच्या स्त्रीधानी असतात, प्रत्येकीत एक अंडपेशी. पाण्याच्या पातळ थरातून पुंयुग्मकं पोहत येतात. जर्मनीचे विल्हेल्म फेफर यांनी 1884 मध्ये दाखवलं की नेच्याची पुंयुग्मकं मॅलिक आम्लाकडे ओढली जातात. हरभऱ्याच्या पाल्यावर जी आंब असते, तिच्यात हेच आम्ल असतं.

बंगल्यांच्या दारात लावतात त्या सायकसमध्ये ही जुनी सवय अजून उरली आहे. परागनलिकेत तयार झालेली त्याची पुंयुग्मकं शेवटचं थोडं अंतर पोहूनच जातात. जपानच्या इकेनो यांनी 1896 मध्ये ती शोधली.

अंडपेशी नुसती वाट बघत बसते का?

पुस्तकातली चित्रं बघून तसं वाटतं, आणि मुलींच्या मनात त्यातून नको ते शिरतं, म्हणून हे उत्तर मी आवर्जून देतो. नाही. अंडपेशीशेजारच्या दोन साहाय्यक पेशी छोटी प्रथिनं बाहेर सोडतात, त्यांच्या मागावर परागनलिका वळते. तोरेनिया या बागेतल्या फुलात जपानी संशोधकांनी 2009 मध्ये ही प्रथिनं ओळखली. लेझरने साहाय्यक पेशी मारल्या तर नळी भरकटते, हे त्याआधीच दिसलं होतं. नळी पोचली की एक साहाय्यक पेशी स्वतः फुटून तिला जागा करून देते. कुक्षीसुद्धा पराग पारखते. परक्या जातीचा, आणि कित्येक झाडांत स्वतःचाच पराग, ती रुजू देत नाही किंवा वाटेत अडवते.

ही वाट तोडून फलन करवता येतं, हे आपल्याच देशात सिद्ध झालं. जयपूरला जन्मलेले पंचानन माहेश्वरी यांनी दिल्ली विद्यापीठात वनस्पतींच्या भ्रूणशास्त्राची मोठी परंपरा उभी केली. तिथेच 1962 मध्ये खसखशीची बीजांडं काढून, काचनळीत त्यांच्यावर थेट पराग टाकून फलन घडवलं गेलं.

बुरशीत नर-मादी असतात का?

फुलासारखे नाहीत. पावावरच्या बुरशीत दोन तंतू समोरासमोर येऊन टोकाला जुळतात. दिसायला दोघेही सारखे, पण कुणाचंही कुणाशी जुळत नाही. अधिक आणि उणे असे दोन गट असतात, हे अमेरिकेच्या ब्लेक्स्ली यांनी 1904 मध्ये दाखवलं. काही बुरशींत मात्र मादी अवयव असतो आणि त्याला पुंकेंद्रक घेणारा केसही असतो.

अळंबीचं तर फारच वेगळं. जमिनीत दोन तंतू जुळतात, पण केंद्रकं एकत्र होत नाहीत. ती जोडीजोडीने एकाच पेशीत राहतात, कधी कधी वर्षानुवर्षं. पहिल्या पावसात अळंबी वर येते, छत्रीखालच्या पडद्यांवर त्या जोड्या अखेर एक होतात आणि लगेच बीजाणू बनतात. वाळल्या ओंडक्यावर पंख्यासारखी येणारी शिझोफायलम ही छोटी बुरशी घ्या. तिच्यात जुळणीचे 20,000 हून अधिक प्रकार आहेत. नर-मादी हे दोनच खण तिथे अपुरे पडतात.

"याचा शेतीला काय उपयोग?" असं एका काकांनी विचारलं होतं. त्यांच्याच उसात काणी होती, शेंड्याला काळा चाबूक आलेली. त्या चाबकातली काळी पूड म्हणजे बीजाणू. ते रुजल्यावर निघणारी एकेकटी पेशी उसाला काहीच करू शकत नाही. विरुद्ध गटाची दुसरी पेशी भेटून दोघी जुळल्या, तरच उसात शिरणारा तंतू तयार होतो. चाबूक दिसताच तो पिशवीत घालून, पूड न सांडता, पूर्ण बेट उपटून जाळायचं ते यासाठी. जितकी पूड कमी तितक्या भेटी कमी.

द्राक्षाची डावणी आणि बटाट्यावर उशिरा येणारा करपा यांना आपण बुरशी म्हणतो. त्यांच्यात खरी अंडधानी असते आणि फलनानंतर जाड भिंतीचे बीजाणू बनतात. शास्त्रज्ञ आता त्यांना खऱ्या बुरशीत धरत नाहीत, त्यांचं नातं तपकिरी शैवालांशी अधिक जवळचं आहे.

ज्वारीच्या कणसातून मधासारखा चिकटा गळतो, त्याचा फलनाशी संबंध आहे?

थेट आहे. हा चिकटा एका बुरशीमुळे येतो. तिचा बीजाणू कुक्षीवर पडतो आणि परागनलिकेच्याच वाटेने अंडाशयात घुसतो. दाणा व्हायचा तिथे बुरशी वाढते आणि गोड रस पाझरतो. आधी पराग पोचला आणि फलन झालं की कुक्षी सुकते आणि ही वाट बंद होते. म्हणून फुलोऱ्यात ढगाळ, थंड हवा राहून परागीभवन रेंगाळलं की चिकटा वाढतो. एक मुलगा असं कणीस डब्यात घालून शाळेत घेऊन आला होता. त्या दिवशी धडा सोडून आम्ही तासभर तेच बघत बसलो.

शाळेत चांगला सूक्ष्मदर्शक नाही. काय करता येईल?

अंडपेशी दाखवता येणार नाही, पण तिच्याकडे निघालेली नळी दाखवता येते. जो काही सूक्ष्मदर्शक असेल तो चालेल. शंभर मिलिलिटर स्वच्छ पाण्यात दहा ग्रॅम साखर विरघळवा. काचपट्टीवर एक थेंब घ्या आणि ताज्या तेरड्याचा पराग त्यात झटका. तेरडा नसेल तर सदाफुली घ्या, तिला अर्धा तास द्या. तेरडा मात्र काही मिनिटांतच रुजायला लागतो. श्रावण-भाद्रपदात तो आपल्याकडे बांधाबांधावर असतो, तेव्हाच हा प्रयोग उरकावा. एकेका मुलाने डोळा लावून गोल कणाच्या कडेला फुगवटा येताना, मग तो नळी होऊन लांबताना बघायचा. घाई करू नका, रांगेतल्या शेवटच्या मुलालाही पुरेसा वेळ द्या. तोवर नळ्या चांगल्या लांब झालेल्या असतात, त्यामुळे सगळ्यात चांगलं चित्र त्यालाच दिसतं.